बच्ची तोफ

मागच्या खेपेला पाटी हुकली ती गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीमुळे, असं गव्हर्नर अजूनही सांगत. तपासनीस टाकीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तुम्ही जरा थांबलात तर मी मोजून घेऊ का?" आणि गव्हर्नर थांबले नव्हते. शेवटची बोट गाठायला तपासनीस पळाले ते खिशातली फीत न उलगडताच.

म्हणून आज सकाळपासून काकू नवऱ्याला बजावत होत्या. "विचारलं तरच बोला. आणि विचारलं तेवढंच बोला."

"मी कधी जास्त बोलतो?"

काकूंनी हातातली चादर गरजेपेक्षा जोरात झटकली.

पाहुण्यांच्या खोलीतला तो पलंग घरात 'लाटसाहेबाचा पलंग' म्हणून ओळखला जाई. बंद पडलेल्या इस्पितळाच्या लिलावात काकूंनीच तो घेतला होता. पाय बुटके निघाले म्हणून खाली विटा लावल्या आणि विटा दिसू नयेत म्हणून झालर शिवली. त्यावर झोपलेले पाहुणे सकाळी उठून म्हणत, इतिहासाच्या कुशीत झोपल्यासारखं वाटलं. काकू म्हणत, नाश्ता कितीला हवा?

गव्हर्नर म्हणजे काका. त्यांनी कुठलंही राज्य चालवलेलं नव्हतं, पण उभा जन्म प्रवाशांना हे तटबंदीतलं बंदर दाखवण्यात गेला होता, आणि आता दरवाजे, बुरूज, जकातीची कमान, सगळं आपल्याच सहीने बांधलं गेल्यासारखं ते बोलत. गाव आधी एका परक्यांनी बांधलं, मग दुसऱ्या परक्यांनी जिंकलं. घरात त्यांना नुसतं 'पहिले' आणि 'दुसरे' म्हणत, जणू वाटणीवरून दुरावलेले भाऊबंदच. पहिल्यांनी गल्ल्या वाकड्या केल्या, दुसऱ्यांनी त्यांना सरळ नावं दिली. दोघेही गेले. बुरुजाला चिकटलेली पहाऱ्याची इमारत गव्हर्नरांच्या आजोबांनी, बंदराच्या बाजारात माल तोलणाऱ्या माणसाने, घर म्हणून घेतली, आणि तिच्याबरोबर मधल्या खोलीतला तोफेचा झरोकाही घरात आला.

पाटी त्या झरोक्यासाठीच हवी होती. 'वारसा घर'. दरवाज्यावर पितळी अक्षरात. पाटी लागली की जहाजांच्या कंपन्या आपले प्रवासी या घरी पाठवणार. नाही लागली तर नुकताच आलेला, कानाला माईक लावून फिरणारा पोरसवदा गाईड सगळी गिऱ्हाइकं नेणार. गव्हर्नरांना त्या माईकचा फार राग होता. आवाज नसलेल्या माणसानं इतिहासात पडू नये, असं त्यांचं मत होतं.

"आणि धाकटीचं काय?" उशीचा अभ्रा चढवत काकूंनी विचारलं.

"काय तिचं?"

"सही करेल ना?"

गव्हर्नर खिडकीबाहेर बघत राहिले. अर्जावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची संमती लागत होती. चार सह्या झाल्या होत्या. पाचवी जागा रिकामी होती.

*

धाकटी, म्हणजे त्यांच्या पुतण्याची बायको, मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती, पाठ झरोक्याला लावून. गेला महिनाभर ती अशीच बसत होती. तिच्या पाठीमागे भिंतीची जाडी होती, त्या जाडीत आरपार गेलेला झरोका होता, आणि झरोक्याच्या पलीकडे काही नव्हतं. मग खूप खाली बाजाराची गल्ली आणि छत्रीवाल्याच्या दुकानाचा पत्रा.

कॉलेजात तिने भौतिकशास्त्र घेतलं होतं. पडणाऱ्या वस्तूंची सगळी गणितं तिला येत, आणि तीच तिची अडचण होती.

समोर तिचा मुलगा, सुरुंग, रांगत होता. हे नाव गव्हर्नरांनीच ठेवलं होतं. कुठे आहे ते कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून. गेल्या आठवड्यापासून तो धरून उभा राहायला लागला होता. झरोक्याचा काठ त्याच्या छातीला लागे. काठावर छाती टेकून तो खालच्या बाजाराला हाका मारी, आणि खालून छत्रीवाला वर बघून हात हलवी. छत्रीवाल्याला ते गोड वाटे.

ती सगळं करून बसली होती. समोर पेटी लावली, तर हा पेटीवर चढला. पेटी काढून गादी उभी केली, तर त्याने ती पाडली आणि पडलेल्या गादीवरून थेट काठाशी गेला. लोखंडी जाळी बसवू म्हटलं, तर काका म्हणाले, दगडाला भोक पाडलं की पाटी गेली. दुसरी खोली मागितली, तर दुसरी खोली लाटसाहेबाच्या पलंगाची.

तिचा नवरा दारात आला. बंदरातला गाळ काढणाऱ्या बोटीवर तो काम करी, आणि घरातही एखादी गोष्ट बोलायची म्हणजे तळातून उपसून काढल्यासारखी काढी.

"नव्या तपासनीस बाई बोटीतून उतरल्या," तो म्हणाला.

"काकांशी बोललास?"

"बोलणार होतो."

"कधी?"

"काल. पण ते बोलत होते."

ती हसली नाही. "मग ऐक. एकदा पाटी लागली की मोजलंय तसंच ठेवायचं, कायमचं. खिळासुद्धा ठोकायचा नाही. मी वाचलाय नियम. मी सही करणार नाही."

"अगं, काका..."

"काकांना मी फार मानते. पण काका पत्र्यावर पडणार नाहीयेत."

त्याने सुरुंगाला उचललं, हवेत धरलं, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला, जणू पोराला ठेवायला सुरक्षित जागाच सापडेना.

*

तपासनीस बाई ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, पायात मजबूत बूट घातलेल्या होत्या. काकूंना त्या पाहताक्षणी आवडल्या, कारण त्यांनी पलंगाची झालर उचलून खाली बघितलं, विटा पाहिल्या, झालर सोडली आणि काहीही लिहिलं नाही.

मधल्या खोलीत सगळे जमले. खुर्चीत आत्या बसल्या होत्या. गव्हर्नरांची थोरली बहीण. उभी हयात त्यांनी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवण्यात घालवली होती, आणि माणूस बोलायला लागला की त्या आधी त्याचे दात बघत.

"बोला," बाई म्हणाल्या.

काकूंनी डोळे मिटले.

"हा झरोका," गव्हर्नरांनी घसा साफ केला, "पहिल्यांनी बांधला. समुद्री लुटारूंवर मारा करायला."

बाईंनी वाकून बाहेर पाहिलं. "समोर बाजार आहे."

"तेव्हा समुद्र इथपर्यंत होता."

"अच्छा."

"पुढे दुसरे आले. त्यांनी झरोका लहान करून घेतला. का? तर त्यांच्याकडे एक खास तोफ होती. बच्ची तोफ! एका माणसाला खांद्यावर नेता येईल एवढीशी. सगळ्या किनाऱ्यावर एकच. पुरावा बघा." त्यांनी काठाखाली बोट ठेवलं. सुरुंगाला तिथला चुना चाटायची सवय होती, त्यामुळे रंगाचा पोपडा जाऊन एक वीट उघडी पडली होती. "दुसऱ्यांच्या सरकारी भट्टीचा शिक्का."

"ही तोफ कुणी पाहिलीय का, विचारा," आत्या म्हणाल्या. "लहानपणी आमच्या वेळी नव्हती ती. हा मोठा झाला आणि तोफ आली."

"ताई!"

बाई सरळ जमिनीवर बसल्या. मग आडव्या झाल्या. पेनाच्या टोकाने त्यांनी काठाखाली ठोकायला सुरुवात केली, आणि सुरुंग आनंदाने त्यांच्याशेजारी येऊन पालथा पडला. दोघं मिळून भिंत तपासू लागले.

"शिक्का उलटा आहे," बाई म्हणाल्या. "सरकारी गवंड्याने असा लावला असता तर त्याची नोकरी गेली असती. घाईत लावलेली वीट आहे ही. घरगुती काम." आणखी थोडा चुना खरवडला. "एक थर हा. त्यावरचा वेगळा, या विटा जाड आहेत. आणि सगळ्यात वरचा..." त्यांनी नखाने टोकरलं. "हे तर सिमेंट. तीसेक वर्षांपूर्वीचं असेल. मूळ झरोका पार जमिनीपासून होता. तोफेचं तोंड इथे, गुडघ्याखाली. कुणीतरी काठ चढवत चढवत आणलाय. एकेक थर, तीन वेळा."

मग तीस वर्षांचा हिशेब सगळ्यांनी आपापल्या मनात केला, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू काकूंकडे वळल्या.

काकूंनी टेबलावरचा कप उचलला. त्यात चहा नव्हता. तरी त्यांनी एक घोट घेतला.

"तू?" गव्हर्नर म्हणाले.

"तुम्ही त्या दिवशी मोठ्या जहाजावरच्या लोकांना तट दाखवायला गेला होतात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही आलात ते त्या तोफेचं बोलतच आलात. त्यातल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाने विचारलं होतं म्हणे, झरोका एवढा लहान का. आणि तुम्हाला उत्तर सुचलं होतं. इतके खूश होतात, मला मोडवेना."

"तीस वर्षं!"

"पोरगी रांगायला लागली होती आपली," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "तुम्ही म्हणायचात, काही होत नाही, आम्ही नाही का वाढलो इथे."

आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मधला आईचा असणार. ओल येते म्हणून लावला, असं म्हणायची. आणि खालचा आजीचा. म्हणजे आम्ही वाढलो ते काही तोफेच्या कृपेने नाही हो, गव्हर्नर."

"पण मग एकच थर का?" धाकटी पहिल्यांदाच बोलली. "लावायचाच होता तर पुरता लावायचा ना, काकू."

"वेडी आहेस का? जास्त लावला तर पुरुषांच्या लक्षात येतं."

तपासनीस बाईंना ठसका लागला. बराच वेळ लागत राहिला.

*

गव्हर्नरांना वाटलं, सगळी खोली आपल्यावर रोखली आहे. आजी, आई, बायको. तिघींनी त्यांच्या नाकाखाली विटा रचल्या, आणि आपण त्या विटांवर तोफ चढवली. किती हजार लोकांना सांगितली असेल ती! एका मास्तराने तर तिचं चित्र काढून पाठवलं होतं.

"आणखी एक," बाई कपडे झटकत उठल्या. शब्द जरा जपूनच निवडत होत्या. "समुद्र इथे कधीच नव्हता, काका. तोफ बाजारावरच रोखलेली होती. पहिल्यांना लुटारूंपेक्षा गावाची भीती जास्त होती. दुसऱ्यांनाही. अशा किल्ल्यांत तोंड आतल्या बाजूला असलेले झरोके पुष्कळ असतात. लोक सांगत नाहीत, एवढंच."

गव्हर्नरांनी हे माहीत नसल्यासारखा चेहरा करायचा प्रयत्न केला. तो त्यांना जमला नाही. झरोक्यातून काय दिसतं हे काय त्यांना दिसत नव्हतं? खाली डावीकडे, जिथे आता छत्रीवाला बसतो, तिथे त्यांचा आजा काटा घेऊन बसायचा. पण इतक्या लांबून, इतके पैसे भरून आलेल्या पाहुण्यांना हे सांगायचं कसं? समुद्र आत आणणं सोपं होतं.

"आता कामाचं," बाई म्हणाल्या. "मी मोजेन ते कायमचं. सगळ्यांच्या सह्या आहेत ना?"

सुरुंगाने काठ धरला, उभा राहिला, छाती टेकली आणि खाली कुणाला तरी जोरात हाक मारली. धाकटीने उठून मागून त्याचं झबलं पकडलं.

"माझी नाही," ती म्हणाली. "काका, मला तुमची पाटी नकोय असं नाही. पण हा काठ असाच कायमचा राहणार असेल तर मी सही करणार नाही. रागवा हवं तर. मी याला घेऊन आईकडे जाऊन राहीन, पण सही नाही."

"मीसुद्धा," तिचा नवरा म्हणाला. या वेळी आवाज तळातून नव्हे, इतका वरून आला की आत्यांनी वळून त्याचे दात बघितले. "म्हणजे, मी केलीय सही. पण खोडतो."

"माझीही खोडा," काकू कपाकडे बघत म्हणाल्या.

"अगं पण पाटीसाठी तर तू झालरसुद्धा शिवलीस!" गव्हर्नर म्हणाले.

"झालर ठेवा."

बाईंनी वही मिटली. "मला दोन्ही चालतं. पाटी नको असेल तर उद्या पूर्ण बुजवा. हवी असेल तर मोजण्याच्या वेळी आहे तसं. मधलं काही माझ्या हातात नाही."

गव्हर्नर नातवाच्या पाठीकडे बघत होते. पायाचे अंगठे टेकवून, टाचा उचलून उभा होता तो. अजून बोटभर उंची, की झालं. हे त्यांना आजच का दिसावं?

त्यांनी घसा साफ केला. काकूंनी सवयीने डोळे मिटले.

"बाई," ते म्हणाले, "तट राहिलाच की तुमचा. तट बघितल्याशिवाय झरोका मोजणं म्हणजे... शास्त्राला धरून होणार नाही ते."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग धाकटीकडे. मग पलंगाच्या खोलीच्या दिशेने. "फेरी लांब आहे का?"

"तशी आटोपशीर आहे."

"पण लांब करता येते?"

"बाई," काकू म्हणाल्या, "त्याची काळजीच करू नका."

*

जिन्यावरचे पाय ऐकू येईनासे झाले आणि काकूंनी पदर खोचला. "झालर वर करा."

लाटसाहेबाचा पलंग नवरा-बायकोने मिळून उचलला. विटा निघाल्या. पलंग जमिनीला टेकला तेव्हा खरंच इस्पितळातल्यासारखा दिसायला लागला.

"सिमेंट कुठून आणायचं आत्ता?" नवऱ्याने विचारलं. "आणि ते सुकणार कधी?"

आत्या त्यांच्या खोलीतून एक डबा छातीशी धरून आल्या. "कवळीचं प्लॅस्टर. पाच मिनिटांत दगड."

"टिकेल का पण, आत्या?" धाकटी म्हणाली.

"माझ्या कवळ्यांनी लोकांनी पन्नास वर्षं हाडं चघळलीत. फक्त रंग जरा गुलाबी येतो. हिरडीला शोभतो. भिंतीला शोभेल की नाही, सांगता येत नाही."

काकूंनी पहिली वीट उचलली, तिची जागा ठरवली, आणि मग ती धाकटीच्या हातात दिली. "तुझा थर आहे. तूच लाव."

धाकटीने आयुष्यात वीट लावली नव्हती. आत्या वाटीत प्लॅस्टर घोटत होत्या, नवरा सुरुंगाला खांद्यावर घेऊन पहारा देत होता, काकू सुपारी फोडल्यासारख्या अर्ध्या विटा फोडत होत्या. पहिली ओळ वाकडी झाली. दुसरी बरी.

"बास आता," काकू म्हणाल्या. "दोन पुष्कळ झाल्या."

"अजून दोन."

"अगं, दिसून येईल!"

"दिसू दे. आता सगळ्यांना माहीतच आहे, काकू."

काकू थबकल्या. इतक्या वर्षांत हा विचार त्यांना शिवला नव्हता. "हो की," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच चार अर्ध्या विटा एकदम पुढे सरकवल्या.

तिकडे तटावर गव्हर्नरांचं सगळं सांगून संपलं होतं. दोन्ही दरवाजे झाले, दारूखाना झाला, दुसऱ्यांचा वेढा पहिल्यांना कसा उठवता आला नाही तेही झालं. बाई शांतपणे ऐकत होत्या. ऊन कलत होतं. अजून वेळ काढायला हवा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. मग ते बाजाराच्या अंगाला वळले, कठड्याला टेकले, आणि खाली बोट दाखवून म्हणाले, "तिथे माझा आजा बसायचा. काटा घेऊन. दिवसभर त्याच्या पाठीवर ती तोफ रोखलेली. तरी म्हणे मापात कधी हात मारला नाही त्याने. घाबरून असेल. मी विचारलं नाही कधी."

"आणि मग तेच घर घेतलं त्यांनी?"

"तेच. पहिल्या दिवशी म्हणे झरोक्यात बसून खालची आपली रिकामी जागा बघत राहिला. जेवायलाही उठला नाही." गव्हर्नर जरा थांबले. "हे मी कुणाला सांगत नाही. हे बघायला कोण पैसे देणार?"

"मी तर तिकीट काढून ऐकलं असतं," बाई म्हणाल्या.

*

परत आल्यावर बाई झरोक्यासमोर उभ्या राहिल्या. गव्हर्नर छताकडे बघत होते. काकूंच्या केसांत विटांची भुकटी होती. धाकटीच्या कोपरापर्यंत गुलाबी प्लॅस्टर होतं, आणि हात मागे लपवायचं तिला सुचलं नव्हतं.

बाईंनी बोटाने सांध्याला स्पर्श केला. घट्ट होता. फीत उलगडून त्यांनी उंची मोजली, लिहिली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"मूळ झरोका, पहिल्यांचा. रोख बाजारावर. त्यावर घरातल्या बायकांनी चढवलेला काठ. पहिला थर, दुसरा, तिसरा. चौथा, गुलाबी..." त्या थबकल्या. "चौथ्याचा काळ काय लिहू?"

"चालू," आत्या म्हणाल्या.

बाईंनी 'चालू' लिहिलं आणि वही धाकटीपुढे धरली. तिने सही केली. कागदावर अंगठ्याएवढा गुलाबी डाग पडला.

मग तिने सुरुंगाला खाली सोडलं. तो सुसाट झरोक्याकडे गेला, काठ धरला, उभा राहिला. समोर वीट. टाचा उचलल्या. वीट. त्याने मान वर करून बघितलं, मागे वळून आईकडे बघितलं, आणि एवढ्या मोठ्या अन्यायाने त्याचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. त्याने जो टाहो फोडला तो छत्रीवाल्यापर्यंत गेला असणार.

सगळे हसले. धाकटी हसता हसता मधेच रडली, पण आवाज एवढा होता की कुणाला कळलं नाही.

"अरे, अरे, अरे," म्हणत गव्हर्नरांनी त्याला उचललं आणि झरोक्याशी धरलं. "हे बघ. बाजार. ती छत्री दिसते? तिथे तुझ्या खापरपणजोबांचा काटा होता. आणि इथे, बरं का, एक तोफ होती. मोठी तोफ. तिचं तोंड आपल्यावर होतं..."

सुरुंग हुंदका गिळून ऐकू लागला.

गोष्ट लांबणार हे दिसतच होतं. धाकटी पुढे गेली, गव्हर्नरांच्या बाजूला उभी राहिली, आणि चार थरांच्या भिंतीआड, मोठ्या माणसाच्या दोन्ही हातांत असलेल्या आपल्या पोराचं झबलं तिने मागून मुठीत धरून ठेवलं.